उतरायला शिकलेला माणूस

मराठीत लेख लिहायचा म्हणजे माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीची पंचाईतच! शाळेत मराठी हा फक्त एक पेपर होता, आणि तोही मी कसाबसा ओढून नेला. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सांभाळून घ्याव्यात ही विनंती. पण ही गोष्ट मला इंग्रजीत लिहावीशी वाटेना, कारण ती मला आजोबांनी मराठीत सांगितली. आणि ज्या दिवशी सांगितली, तो दिवस मी विसरणार नाही.

झालं असं की रिझल्ट लागला आणि एम-थ्री परत राहिला. दुसऱ्यांदा! पहिली केटी लागते तेव्हा सगळे हसून पाठीवर थाप मारतात, केटीशिवाय इंजिनिअर होतो का म्हणतात. दुसऱ्यांदा कोणी हसत नाही. आई गप्प, बाबा गप्प, आणि माझ्या डोक्यात एकच शब्द फिरत होता... इयर डाऊन. मी खोलीचं दार लावून बसले होते. संध्याकाळी आजोबा आत आले, खुर्ची ओढून बसले आणि रिझल्टबद्दल एक अक्षर न बोलता मला विचारलं की, अंतराळात गेलेला पहिला माणूस विमान उतरवण्यात जवळजवळ नापास झाला होता, हे तुला माहीत आहे का?

मला माहीत नव्हतं. युरी गागारिन म्हटलं की मला जी.के. च्या पुस्तकातली एक ओळ आठवायची, नाव आणि तारीख. आजोबांसाठी मात्र तो ओळखीचा माणूस. १९६१ च्या अखेरीस गागारिन भारतात आला होता तेव्हा मुंबईतही आला होता. आजोबा त्या वेळी शाळेत होते. त्यांनी तेव्हापासून त्याच्याबद्दल जे मिळेल ते वाचलं. त्या संध्याकाळनंतर मीही वाचत सुटले. सबमिशन बाजूला ठेवून वाचलं हे आमच्या सरांना कृपया सांगू नका!

युरीचा जन्म ९ मार्च १९३४ चा. गाव क्लुशिनो, रशियाच्या पश्चिमेला स्मोलेन्स्क प्रांतात. वडील सुतार, आई सामूहिक शेतीवरच्या गोठ्यात काम करायची. चार भावंडांत हा तिसरा. मोठा भाऊ व्हॅलेन्टिन, बहीण झोया, आणि धाकटा बोरिस. अगदी साधं घर. विमानाशी या घराचा काही संबंध असायचं कारणच नव्हतं.

मग युद्ध आलं. १९४१ च्या ऑक्टोबरात जर्मन सैन्य क्लुशिनोत शिरलं. गागारिन कुटुंबाचं घर एका अधिकाऱ्याने घेतलं आणि या सगळ्यांनी मागच्या बाजूला जमीन खणून तयार केलेल्या खोपटात, म्हणजे जेमतेम तीन बाय तीन मीटरच्या खड्ड्यात, सुमारे पावणेदोन वर्षं काढली. १९४३ मध्ये व्हॅलेन्टिन आणि झोया यांना जर्मनांनी मजुरीसाठी पकडून नेलं. ती दोघं युद्ध संपल्यावरच परत आली.

याच युद्धात युरीने पहिल्यांदा विमान जवळून पाहिलं. आणि गंमत बघा, ते विमान उडत नव्हतं, पडलेलं होतं! मार लागलेलं एक सोव्हिएत लढाऊ विमान गावाजवळच्या शेतात कसंबसं उतरलं. त्याच्या वैमानिकाच्या मदतीला दुसरं विमान आलं आणि तेही तिथेच उतरलं. गावातली पोरं धावत गेली. युरी त्यांत होता. पुढे जगाने ज्याला उंच जाणारा माणूस म्हणून ओळखलं, त्याची विमानाशी ओळख एका मोडक्या लँडिंगने झाली. मला ही गोष्ट फार आवडते.

युद्धानंतर १९४६ मध्ये कुटुंब जवळच्या ग्झात्स्क गावी राहायला गेलं. घरात पैसा नव्हता. पंधरा-सोळाव्या वर्षी युरी मॉस्कोजवळच्या ल्युबेर्त्सी इथे शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात शिकाऊ कामगार झाला. काम कुठलं, तर फाउंड्रीचं! फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण वाळूचा मोल्ड बनवतो, हात काळे होतात म्हणून कुरकुर करतो आणि जर्नल मात्र सीनियरचं बघून लिहितो. ते काम हा मुलगा दिवसभर पोटासाठी करायचा आणि रात्री कामगारांच्या शाळेत जायचा. १९५१ मध्ये त्याची निवड व्होल्गा नदीकाठच्या सारातोव शहरातल्या तंत्रशाळेत झाली. म्हणजे आपल्या भाषेत, डिप्लोमाला नंबर लागला.

सारातोवमध्ये एक एरोक्लब होता. युरीने तिथे नाव घातलं. दिवसा तंत्रशाळा, नंतर एरोक्लब, आणि खर्चासाठी मधूनमधून व्होल्गाच्या धक्क्यावर हमाली. आधी जुनं दुपंखी विमान, मग याक-१८ नावाचं शिकाऊ विमान. दिमित्री मार्त्यानोव हे त्याचे तिथले शिक्षक. पॅराशूटची पहिली उडीही त्याने इथेच मारली. १९५५ मध्ये त्याने याक-१८ मधून एकट्याने पहिलं उड्डाण केलं आणि त्याच वर्षी तंत्रशाळेचा अभ्यासक्रमही पूर्ण केला. आता समोर दोन रस्ते होते. फाउंड्रीत चांगली नोकरी मिळाली असती. त्याने दुसरा रस्ता धरला, ओरेनबुर्गच्या लष्करी वैमानिक शाळेचा.

ओरेनबुर्ग शहराचं नाव तेव्हा चकालोव होतं. व्हॅलेरी चकालोव या गाजलेल्या वैमानिकाच्या नावावरून ते दिलेलं होतं. युरी तिथे १९५५ मध्ये दाखल झाला. आधी परत याक-१८, आणि १९५६ पासून मिग-१५ हे जेट.

आता इथे थोडं थांबून लँडिंग म्हणजे काय ते सांगते, कारण त्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. आपल्याला वाटतं की वैमानिक व्हायचं म्हणजे उडायला शिकायचं. पण विमान पुरेशा वेगाने पळवलं की ते वर उचललं जातंच, पंखांचं कामच ते. खरं शिकायचं असतं ते खाली येणं. म्हणून जगातल्या प्रत्येक वैमानिक शाळेत विद्यार्थ्याला विमानतळाभोवती एकच आयत पुन्हा पुन्हा गिरवायला लावतात. पाटीवर अक्षर गिरवतात तसा! त्याला म्हणतात सर्किट. रशियन वैमानिक त्याला छोटं खोकं अशा अर्थाच्या शब्दाने ओळखतात.

वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उड्डाण करायचं. ठरलेल्या उंचीवर पहिलं काटकोनी वळण. थोडं पुढे जाऊन दुसरं. आता विमान धावपट्टीला समांतर, पण उलट्या दिशेने चाललेलं असतं आणि वारा पाठीमागून येत असतो. हा डाऊनविंडचा टप्पा. इथे चाकं खाली घ्यायची, सगळं तपासायचं, धावपट्टी कुठे राहिली ते बघत राहायचं. धावपट्टीचं टोक मागे पडलं की तिसरं वळण, मग इंजिन कमी करत उतार धरायचा. मग चौथं वळण, आणि समोर धावपट्टी. याला फायनल म्हणतात. चौथं वळण लवकर झालं किंवा उशिरा झालं तर विमान धावपट्टीच्या रेषेत राहत नाही. पहिल्या तीन वळणांत केलेली प्रत्येक छोटी चूक इथे जमा होऊन पुढ्यात येते. सेमिस्टरभर न केलेला अभ्यास परीक्षेच्या आदल्या रात्री येतो ना, अगदी तशी.

आणि सगळ्यात शेवटी, जमीन काही मीटरवर आली की विमानाचं नाक हळूच वर उचलायचं. त्याला फ्लेअर म्हणतात. त्यामुळे खाली येण्याचा वेग मरतो आणि चाकं अलगद टेकतात. नाक फार वर असताना उचललं तर वेग संपतो आणि विमान वरूनच धपकन् आदळतं. उशिरा उचललं तर चाकं जमिनीवर आपटून विमान चेंडूसारखं उसळतं. आता किती उंचीवर उचलायचं हे कुठलं मीटर सांगत नाही. ते डोळ्यांनी ठरवायचं. त्यातही मिग-१५ सारखं जेट ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने टेकतं. म्हणजे एका सेकंदाचा घोळ झाला की विमान पन्नास मीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं.

युरी इथेच अडकला. बाकी विषयांत तो चांगला होता, शिस्तीत होता, हवेत विमान छान हाताळायचा. पण लँडिंग बसेना. दोन आसनी प्रशिक्षण विमानातल्या तपासणीत तो एकदा चुकला. पुन्हा संधी मिळाली, पुन्हा चुकला. दोनदा! लष्करी शाळेत याचा अर्थ सरळ असतो. ज्याला उतरवता येत नाही त्याला उडवू देत नाहीत. नाव काढून टाकण्यापर्यंत गोष्ट गेली.

कल्पना करा. सुताराचा मुलगा, खड्ड्यात राहिलेला, फाउंड्रीत राबून इथवर आलेला. फाउंड्रीची नोकरी सोडून आलेला. आता सामान बांधायची वेळ आलेली. आजोबा इथवर आले आणि थांबले. मी विचारलं, मग?

मग रेजिमेंटच्या कमांडरने एक निर्णय घेतला. त्याला आणखी एक संधी द्यायची. आणि त्याच्या शिक्षकाने त्याहून महत्त्वाची गोष्ट केली. त्याने मुलाला रागावून सोडून दिलं नाही, तर मुलगा चुकतो कुठे ते बघितलं. गागारिनची उंची होती अवघी १५७ सेंटिमीटर. कॉकपिटच्या सीटवर बसला की त्याच्या डोळ्यांना विमानाच्या नाकापलीकडची जमीन नीट दिसतच नसे. हात बरोबर होते, डोकं बरोबर होतं, फक्त बघायची जागा खाली होती. उपाय काय केला, तर बसायला एक उशी दिली!

उशी. बास. तो वर सरकला, जमीन दिसली, आणि विमान व्यवस्थित उतरलं.

मला आधी ही गोष्ट दंतकथा वाटली, म्हणून मी वहीत आकृती काढून बघितली. समजा, नाकाची कड डोळ्यांपासून दीड मीटर पुढे आहे आणि त्या कडेवरून नजर आडव्या रेषेच्या ५ अंश खाली जाऊ शकते. विमान जमिनीपासून ५ मीटरवर असेल तर सगळ्यात जवळची दिसणारी जमीन साधारण ५७ मीटर पुढे. आता डोळे फक्त ५ सेंटिमीटर वर उचला. नजर जवळजवळ २ अंश जास्त खाली जाते, म्हणजे ७ अंश. आता जमीन दिसते ४१ मीटरपासून. पाच सेंटिमीटरच्या उशीने सोळा मीटर जमीन मोकळी केली! हे आकडे मी समजा म्हणून धरलेत, मिगचे नाहीत. पण ट्रिगनॉमेट्री खोटं बोलत नाही. ज्या सोळा मीटरवरून उंचीचा अंदाज बांधायचा, तेच त्याला दिसत नव्हते.

१९५७ मध्ये तो एकट्याने उडू लागला. त्या वर्षीचा त्याचा शरद ऋतू म्हणजे धमालच. ४ ऑक्टोबरला स्पुटनिक अवकाशात गेला. २७ ऑक्टोबरला युरीने व्हॅलेन्टिना गोर्याचेवा हिच्याशी लग्न केलं. आणि ५ नोव्हेंबरला तो लेफ्टनंट झाला. तेव्हा त्याच्या नावावर १६६ तास ४७ मिनिटांचं उड्डाण होतं. नेमणूक मिळाली नॉर्वेच्या सीमेजवळ, मुर्मान्स्क भागातल्या लुओस्तारी तळावर. हिवाळ्यात तिथे दिवस उगवतच नाही. बर्फ, धुकं, अंधार. उशी घेऊन लँडिंग शिकलेल्या मुलाने तिथे दोन वर्षं लढाऊ विमान उतरवलं.

१९५९ च्या शेवटी अंतराळवीरांची निवड सुरू झाली. वय पंचवीस ते तीस, वजन बहात्तर किलोच्या आत, उंचीही मर्यादेत. कारण वोस्तोक यानाचा माणूस बसायचा गोळा अवघा २.३ मीटर व्यासाचा, आणि त्यात सीट, यंत्रं, सगळंच बसवायचं. वीस लढाऊ वैमानिक निवडले गेले आणि त्यांत गागारिन होता. जी उंची ओरेनबुर्गमध्ये त्याला घरी पाठवणार होती, तीच इथे कामाला आली. आयुष्य कधी कधी चांगली चेष्टा करतं.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. १२ एप्रिल १९६१, बैकोनूर, मॉस्कोच्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ७ मिनिटं. यानाचे मुख्य अभियंता सर्गेई कोरोलेव खाली नियंत्रण कक्षात. पृथ्वीभोवती एक फेरी, जास्तीत जास्त ३२७ किलोमीटर उंची, एकूण सुमारे १०८ मिनिटं. वय सत्तावीस. पण मला सांगायचंय ते उतरण्याबद्दल.

ओरेनबुर्गमध्ये चौथं वळण घेतलं की धावपट्टी दिसायची. इथे गागारिनचं फायनल आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सुरू झालं, उतरायच्या जागेपासून सुमारे ८००० किलोमीटर लांब! तिथे यानाचं ब्रेक लावणारं इंजिन जेमतेम चाळीस-बेचाळीस सेकंद पेटलं. त्यानंतर मागचा यंत्रभाग सुटून वेगळा व्हायला हवा होता. झाला नाही. तारांच्या एका जुडग्याने दोन्ही भाग एकमेकांना धरून ठेवले आणि गागारिनचा गोळा गरगर फिरत वातावरणात शिरला. सुमारे दहा मिनिटांनी तारा तुटल्या आणि गोळा सुटला. शरीरावर वजनाच्या सुमारे आठ पट दाब. आणि या सगळ्यात त्याच्या हातात काहीच नव्हतं. यान आपोआप चाललं होतं, हाताने चालवायची यंत्रणा कुलूपबंद होती. जो माणूस दांडी हातात असताना उतरता येत नाही म्हणून घरी जाणार होता, त्याला या वेळी दांडीच दिली नव्हती.

गोळ्याला पॅराशूट होतं, पण त्याने जमिनीला बसणारा दणका माणसाला सोसणारा नव्हता. म्हणून सात किलोमीटर उंचीवर झाकण उडालं आणि गागारिन सीटसकट बाहेर फेकला गेला. पॅराशूटने तो वेगळा उतरू लागला. बाहेरची हवा घ्यायचा व्हॉल्व्ह कपड्यात अडकला, तो उघडायला काही मिनिटं झटापट. आणि खाली बघतो तर काय... व्होल्गा! ते सारातोवच्या जवळचं आकाश होतं. जिथे तंत्रशाळेत शिकताना त्याने पहिल्यांदा विमान एकट्याने उडवलं आणि पॅराशूटची पहिली उडी मारली, तोच प्रदेश. पृथ्वीला फेरी मारून हा माणूस आपल्या जुन्या शाळेच्या दारात उतरला. तोही एका शेतात, एंगेल्स शहराजवळच्या स्मेलोव्का गावाबाहेर. बटाटे लावणारी एक बाई आणि तिची नात त्याचा नारिंगी पोशाख आणि पांढरं हेल्मेट बघून घाबरल्या. त्याने त्यांना समजावलं की तो आपल्यातलाच आहे आणि त्याला मॉस्कोला फोन करायचाय.

आता एक कटू गोष्ट. उड्डाणाचा जागतिक विक्रम मान्य करणाऱ्या संस्थेचा तेव्हाचा नियम असा होता की वैमानिकाने आपल्या यानातच जमिनीवर उतरलं पाहिजे. गागारिन यानात उतरला नव्हता. सोव्हिएत सरकारने ते लपवलं. पत्रकारांनी विचारलं की गागारिनला उत्तर टाळावं लागायचं. सरकारने खरं मान्य केलं ते थेट १९७१ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर. विचार करा, ज्या माणसाने लँडिंगसाठी एवढं सोसलं, त्याच्या सगळ्यात मोठ्या लँडिंगबद्दलच त्याला खरं बोलायची परवानगी नव्हती. संस्थेने नंतर नियम बदलले आणि त्याचा विक्रम कायम राहिला. पण मला वाटतं, ते लपवण्यात काही अर्थ नव्हता. उलट, सात किलोमीटरवरून उडी मारून येणं हे जास्त धाडसाचं होतं.

यानंतर तो जगभर फिरला. भारतातही आला, ते वर सांगितलंच. हार, भाषणं, मेजवान्या. या काळात विमान उडवणं मात्र फार कमी झालं, कारण एवढ्या मौल्यवान माणसाला धोक्यात घालायला सरकार तयार नव्हतं. दुसरा कोणी असता तर पुतळ्यासारखं मिरवण्यात समाधानी राहिला असता. गागारिनने काय केलं? इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतली! झुकोव्स्की हवाईदल अभियांत्रिकी अकादमीत, १९६१ मध्येच. दोन मुली, अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी, दौरे, आणि सोबत गणित आणि एरोडायनॅमिक्स. १७ फेब्रुवारी १९६८ ला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्याने आपला प्रबंध मांडला. विषय होता पंख असलेल्या, पुन्हा वापरता येणाऱ्या अंतराळयानाचा आकार. म्हणजे अवकाशातून येऊन विमानासारखं धावपट्टीवर उतरणारं यान. बघा, विषय परत तोच! आणि अमेरिकेचं स्पेस शटल पहिल्यांदा उडालं ते १९८१ मध्ये.

उतरणं हा विषय तेव्हा त्याच्यासाठी कागदावरचा राहिला नव्हता. २४ एप्रिल १९६७ ला त्याचा मित्र व्लादिमीर कोमारोव सोयूझ-१ मधून परत येताना मारला गेला. मुख्य पॅराशूट उघडलंच नाही. या मोहिमेसाठी राखीव अंतराळवीर गागारिनच होता. कोमारोवला काही कारणाने जाता आलं नसतं तर त्या सीटवर तो असता. या अपघातानंतर गागारिनला अवकाशात पाठवायचं नाही असं ठरलं.

तरी त्याला उडायचं होतं. वैमानिकांना शिकवणारा माणूस स्वतः उडत नाही, हे त्याला पटत नव्हतं. म्हणून त्याने परत पहिल्यापासून सुरुवात केली. परत दोन आसनी प्रशिक्षण विमान, परत शेजारी शिक्षक, परत तपासणी. २७ मार्च १९६८ ला सकाळी तो मॉस्कोजवळच्या चकालोव्स्की तळावरून मिग-१५ च्या प्रशिक्षण विमानातून निघाला. सोबत शिक्षक व्लादिमीर सेर्योगिन, दुसऱ्या महायुद्धात लढलेले अनुभवी वैमानिक. ही तपासणी पार पडली की त्याला मिग-१७ मधून एकट्याने उडायचं होतं. हवा वाईट होती, ढग खाली आलेले. साडेदहाच्या सुमारास त्याने रेडिओवरून कळवलं की ठरलेलं काम झालंय, परत येतोय. त्यानंतर आवाज आला नाही. किर्झाच गावाजवळच्या जंगलात विमान कोसळलं. दोघेही गेले. गागारिन चौतीस वर्षांचा होता.

कारणाबद्दल बरंच लिहिलं गेलंय. २०११ मध्ये खुल्या झालेल्या कागदांत हवामानाचा फुगा चुकवण्यासाठी घेतलेल्या तीव्र वळणाची शक्यता होती. २०१३ मध्ये अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव यांनी जाहीरपणे सांगितलं की जवळून गेलेल्या दुसऱ्या जेटमुळे ते विमान गिरकीत सापडलं. मला मात्र एकच गोष्ट लागून राहिली. ज्या दिवशी तो गेला, त्या दिवशी तो हिरो म्हणून उडत नव्हता, विद्यार्थी म्हणून उडत होता. ज्या मिग-१५ वर ओरेनबुर्गमध्ये शिकला, त्याच जातीच्या विमानात, शिक्षकाच्या देखरेखीखाली. जगातला सगळ्यात प्रसिद्ध वैमानिक पुन्हा शिकाऊच्या सीटवर बसायला लाजला नाही.

त्याची रक्षा क्रेमलिनच्या भिंतीत आहे. ग्झात्स्क गावाचं नाव आता गागारिन आहे. अंतराळवीरांच्या प्रशिक्षण केंद्राला त्याचं नाव दिलं गेलं, आणि तिथेच आपले राकेश शर्मा १९८४ च्या उड्डाणासाठी तयार झाले. गगनयानसाठी निवडलेले आपल्या हवाईदलाचे चार वैमानिकही २०२० आणि २०२१ मध्ये तिथे शिकून आले.

आता परत माझ्याकडे. गोष्ट संपवून आजोबा उठले आणि जाता जाता एवढंच म्हणाले की आता तुझी उशी शोध. मी चिडले. गोष्टीतून अभ्यास निघतो का? पण दुसऱ्या दिवशी मी एम-थ्रीची उत्तरपत्रिका काढून आमच्या एका सरांकडे गेले. खरं तर रडायलाच गेले होते. सरांनी माझे पेपर वीस मिनिटं शांतपणे बघितले आणि सांगितलं की तुला लाप्लास ट्रान्सफॉर्म येतो, सगळ्या स्टेप्स बरोबर आहेत, तू दरवेळी अडकतेस ती पार्शल फ्रॅक्शन्समध्ये. म्हणजे ज्युनियर कॉलेजच्या गणितात! एवढी वर्षं मी ते रेटून नेलं होतं. मी दोन महिने लाप्लास पाठ करत होते, आणि मला दिसत नव्हतं ते त्याच्या अलीकडचं. सरांनी बारावीचं पुस्तक काढायला सांगितलं. मला लाज वाटली. मग मिग-१५ च्या मागच्या सीटवर बसलेले सेर्योगिन आणि पुढे बसलेला गागारिन आठवला, आणि मी पुस्तक काढलं.

मित्रांनो, वर जाण्याच्या गोष्टी आपल्याला रोज ऐकवतात. कॅम्पस, पॅकेज, एम.एस., उंच उडी. परत परत तोच आयत गिरवत, चुकत, आदळत उतरायला शिकणाऱ्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. म्हणून मी सांगितली. तुमच्या शेजारी कोणी दुसऱ्यांदा राहिलं असेल तर त्याला आळशी म्हणण्याआधी एकदा बघा, त्याला समोरची जमीन दिसतेय ना? कदाचित त्याला फक्त पाच सेंटिमीटर कमी पडत असतील.

माझा पेपर पुढच्या महिन्यात आहे. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा निकाल लागलेला असेल. काय लागेल ते मला आत्ता माहीत नाही. पण चौथं वळण या वेळी मी वेळेवर घेतलंय, आणि समोर धावपट्टी दिसतेय.

— एक विद्यार्थिनी, यंत्र अभियांत्रिकी